डिझेल की पेट्रोल? बेळगाव-निपाणीकडच्या गाडीचा हिशेब

डिझेलची गाडी परवडते हे सीमाभागात अजून पक्कं डोक्यात बसलेलं आहे. ज्या अनुदानामुळे ती परवडायची, ते मात्र कधीच गेलं. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये सरकारने मोकळे सोडले आणि डिझेलचे धरून ठेवले. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपये आणि डिझेल 41 रुपये लिटर होतं. ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी दिलेली सवलत बंगल्यासमोरच्या एसयूव्हीच्या टाकीत जायला लागली आणि वाद पेटला. जानेवारी 2013 पासून दर महिन्याला साधारण 50 पैसे वाढवत वाढवत ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलही मोकळं झालं.

आता पंपावर दिसतो तो फरक मुख्यतः कराचा आहे आणि कर बदलायला वेळ लागत नाही. कर्नाटकाने जून 2024 मध्ये डिझेलवरचा विक्रीकर 14.34 वरून 18.44 टक्के केला आणि एप्रिल 2025 मध्ये 21.17 टक्के. दहा वर्षं वापरायची गाडी आजच्या फरकावर ठरवू नका.

हिशेब असा मांडा

आधी सध्याच्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा, त्याच्यावर कोंबून भरायला सांगू नका. ट्रिप मीटर शून्य करा, किमान 300-400 किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा फुगलेला असतो.

मग गाडीच्या किमतीतला फरक. इथे बरेच जण फसतात, कारण शोरूमची किंमत पाहतात आणि रोड टॅक्स विसरतात. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीवर 14 टक्के आणि 10 ते 20 लाखांवर 17 टक्के कर आहे. पेट्रोल मॉडेल 9.90 लाखांचं आणि डिझेल 11.10 लाखांचं असेल तर कर 1,38,600 वरून 1,88,700 वर जातो. वर सेस वेगळा. म्हणजे दिसणारा फरक 1.20 लाखांचा, पडणारा 1.70 लाखांचा. महाराष्ट्रात तर डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा 2 टक्के जास्तच लागतात. आणि कोल्हापूरला पाहुण्यांच्या नावावर घेतली तरी गाडी इथे 12 महिन्यांहून जास्त राहिली तर इथला नंबर घ्यावाच लागतो.

पेट्रोल 103 रुपये आणि 15 चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला 6.87 रुपये. डिझेल 91 आणि 20 चं ॲव्हरेज धरलं तर 4.55. वाचले 2.32. डिझेलची जादा सर्व्हिसिंग, फिल्टर, विमा यांचे 50 पैसे वजा केले की उरले 1.82. 1,70,000 भागिले 1.82, म्हणजे जवळजवळ 93 हजार किलोमीटर. महिन्याला 600 किलोमीटर चालणाऱ्याला तेरा वर्षं लागतील, 2,000 चालणाऱ्याला चार. भाव आणि ॲव्हरेज तुमचे घाला, रीत हीच.

गाडी कुठे चालणार?

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जळायला एक्झॉस्ट 600 अंशांच्या आसपास तापावा लागतो. बेळगावात टिळकवाडी ते खडेबाजार अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तेवढा कधीच तापत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गाडी हायवेला काढा, संकेश्वरच्या दिशेने, आणि एक गिअर खालचा ठेवून 2,000 आरपीएमच्या वर सलग 15-20 मिनिटं चालवा. रेडिएटरचा पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय, आयडलिंग वाढलंय, म्हणजे काम सुरू आहे. तेव्हा किल्ली फिरवून बंद करू नका.

सारखं अर्धवट बंद केलं तर काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. ओळखायचं कसं? सपाट जागी गाडी उभी करून दहा मिनिटांनी डिपस्टिक ओढा. ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या वर चढलेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. बदलताना कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळून जात नाही.

काही गाड्यांना धूर स्वच्छ करायला डीईएफ लागतं, म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरियाचं द्रावण. उसाला टाकायचा युरिया पाण्यात कालवून घालायचा जुगाड करू नका. त्यावर निंबोळी तेलाचा थर असतो आणि इंजेक्टर चोंदतो. शिवाय तो अनुदानाचा माल, दुसरीकडे वापरणं गुन्हा आहे. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर किल्लीही फिरवू नका, टाकी उतरवून घ्या.

पेट्रोलवाल्यांनी पेट्रोलमध्ये मिसळलेलं 20 टक्के इथेनॉल धरून हिशेब करावा. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद तिसऱ्या हिश्श्याने कमी असते, ॲव्हरेज थोडं पडणारच. एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल तर रबरी पाइप आणि सील तपासून घ्या, आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका.

राहिला हद्दीपलीकडे जाऊन तेल भरण्याचा प्रश्न. लिटरला 2 रुपये स्वस्त असेल आणि 40 लिटर बसत असेल तर वाचले 80 रुपये, म्हणजे पेट्रोल गाडीचे साडेअकरा किलोमीटर, जाऊन-येऊन मिळून. निपाणीहून कागलला नुसतं तेलासाठी गेलात तर घाटाच आहे. चोर्ला घाटातून गोव्याला निघाला असाल तर मात्र परतताना तिकडेच टाकी फुल्ल करा.