नेरळ–पेब–दस्तुरी–नेरळ: एकट्याने एक दिवसाचा फेरा कसा करावा

ट्रेकला ग्रुप जमण्याची वाट पाहण्यात निम्मा हिवाळा निघून जातो. कुणाच्या चुलतभावाचं लग्न निघतं, कुणाची रजा अडते आणि उरलेला शनिवारी रात्री ‘माझं कॅन्सल रे’ म्हणतो. एकट्यानेच निघायचं ठरवलंत, तर मुंबईकराला सोयीचा फेरा म्हणजे नेरळहून पेब ऊर्फ विकटगड हा किल्ला, तिथून माथेरानच्या डोंगरावर आणि माथेरानच्या गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून परत नेरळ. जिथे उतरलो तिथूनच परतीची लोकल.

ही वाट आधी एकदा कुणाबरोबर तरी केलेली असेल तर उत्तम. नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार धरा, मागेपुढे माणसं असतात. पावसाळ्यात एकट्याने इथे जाऊ नये. कातळ शेवाळलेला असतो आणि घळीतून पाणी वाहतं. मार्चनंतर ऊन भाजून काढतं, वाळलेल्या गवताला वणवे लागतात.

आदल्या रात्री

घरच्या एका माणसाला नीट मेसेज लिहा. ‘ट्रेकला जातोय’ एवढ्यावर भागत नाही. असा लिहा: ‘नेरळहून पेब, रुळांवरून दस्तुरी, टॅक्सीने नेरळ. निळा शर्ट, लाल सॅक. संध्याकाळी ६ पर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव.’ शोधायला निघणाऱ्याला आधी मार्ग आणि कपड्यांचा रंग लागतो.

सॅकमध्ये तीन लिटर पाणी, पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज आणि पॉवर बँक. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. घळीत नेटवर्क गेलं की फोन रेंज शोधत बॅटरी खातो, म्हणून तिथे फ्लाइट मोड. परफ्यूम घरीच ठेवा. कड्यांवर आग्यामोहोळं असतात आणि उग्र वास त्यांना खपत नाही.

चढाई

सीएसएमटीहून कर्जत लोकलने नेरळ साधारण दोन तास. पहाटेची गाडी धरा. स्टेशनबाहेर पोहे-चहा उरकून सातच्या आत चालायला लागा. फेरा नेरळकडूनच सुरू करा, उलटा नको. या बाजूला घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी माती-खडी आहे. चढताना तो फक्त दमवतो, उतरताना पाय मुरगळतो आणि मुरगळलेल्या पायाला खांदा द्यायला सोबत कुणी नसतं.

गावाबाहेर ढोरवाटा फुटतात, चुकायचं ते इथेच. वाट विचारताना ‘मामा, पेबची वाट हीच ना?’ असं विचारू नका. भिडेखातर ‘हो’ येऊ शकतं. ‘मामा, ही वाट कुठे जाते?’ असं विचारा, खरं उत्तर मिळतं. विजेचे मोठे टॉवर ही ओळखीची खूण. मळलेली वाट अचानक बारीक झाली, चेहऱ्यावर कोळ्याची जाळी लागायला लागली, की समजा सकाळपासून इथून कुणी गेलेलं नाही. तिथून पुढे ‘बघू तरी’ म्हणून जायचं नाही. वाट दाखवणारा शेवटचा बाण किंवा चपलांचे ठसे दिसले होते तिथवर मागे या.

परतीची वेळ घरीच ठरवा. बारा वाजेपर्यंत पेबवरच्या गुहेपाशी पोचला नाहीत, तर आल्या वाटेने खाली. वर पोचल्यावर आपण आपल्यालाच फार सहज पटवतो.

माथा, शिडी, रूळ

गुहा आणि माथ्यावरचं दत्ताचं देऊळ पाहून माथेरानच्या बाजूला निघा. इथे लोखंडी शिड्या आहेत. काठी सॅकला बांधा, फोन खिशातून काढून आत टाका, तोंड शिडीकडे, एका वेळी एकच हात किंवा पाय हलवा. मागून ग्रुप घाई करत असेल तर त्यांना आधी जाऊ द्या. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

शिडीनंतर मिनी ट्रेनचे रूळ लागतात. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी गेजची लाइन, आणि तिच्या कडेलाच कड्यावरचा गणपती. जेवायला जागा छान आहे. रुळांवरून दस्तुरीपर्यंतची चाल सोपी, पण वळणं आंधळी आहेत. इअरफोन काढून ठेवा. गाडीचा आवाज आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही.

दस्तुरीला गाड्या थांबतात, पुढे माथेरानात खासगी गाड्यांना बंदी. गावात शिरायचं तर प्रवेशकर भरून जा, पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात ठेवा. नाहीतर लिंबू सरबत पिऊन शेअर टॅक्सीने सरळ खाली.

‘दस्तुरीला पोचलो’ हा घरचा फोन तिथूनच करून टाका. रविवारी संध्याकाळी कर्जतकडून येणारी लोकल नेरळला भरूनच येते, त्या गर्दीत खिशातून फोन काढायलाही हात मोकळा सापडत नाही.