परस्परसंमतीने घटस्फोट घेताना घर, सोनं आणि कर्जाची वाटणी कशी करावी

घटस्फोट झाला की बायकोला निम्मी मालमत्ता मिळते, असं बरेच जण धरून चालतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात मात्र तसं नाही: कागदावर ज्याचं नाव त्याची वस्तू, बाकीचं पोटगीत किंवा तडजोडीत बसवायचं. म्हणून अर्ज दाखल करण्याआधीच हिशेब लिहून काढा.

सुरुवात लग्नाचा अल्बम आणि आहेराची वही घेऊन करा. दागिन्यांच्या पावत्या सापडत नाहीत, पण फोटोत पाटल्या, तोडे, मोहनमाळ स्वच्छ दिसतात. नवरीला माहेरून मिळालेलं असो की सासरच्यांनी घातलेलं, ते स्त्रीधन. ते वाटणीत धरायचं नाही, तिचं तिला द्यायचं. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच हे सांगून ठेवलंय. लॉकर दोघांनी मिळून उघडा, पेढीवर वजन करा आणि लिहा: ‘पाटल्या दोन, ४१ ग्रॅम, मिळाल्या.’ खाली दोघांच्या सह्या. ‘सर्व दागिने मिळाले’ एवढ्यावर भागवलंत तर पुढे मोहनमाळेवरून भांडण ठरलेलं.

जॉइंट खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर कुणीही एकटा ते रिकामं करू शकतो. दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत, असं पत्र बँकेला आजच द्या.

खरी डोकेदुखी फ्लॅटची. समजा किंमत ८० लाख आणि कर्ज ३५ लाख शिल्लक, तर वाटायला उरतात ४५. डाउन पेमेंट कुणी दिलं, हप्ते कुणाच्या खात्यातून गेले, हे पासबुकावरून काढा आणि आकडा ठरवा. फ्लॅट एकाने ठेवायचा असेल तर क्रम चुकवू नका: आधी बँकेकडून दुसऱ्याचं नाव कर्जातून काढल्याचं लेखी पत्र, मग हक्कसोडपत्राची नोंदणी. उलटं केलंत तर घर गेलेलं आणि हप्ता मात्र तुमच्या नावावर. न्यायालयात तुमचं आपसात काहीही ठरो, सह-कर्जदाराला बँक सोडत नाही. पैसे न घेता घर देत असाल तर बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी करा. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे), पण हुकूमनाम्यानंतर तुम्ही नवरा-बायको नसता.

आता संमतीच्या अटी. हिंदू विवाह कायद्याखाली या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग अर्ज आणि शेवटचा जबाब यांत सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. या काळात कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून एकरकमी पोटगी एकदम देऊ नका. थोडी सुरुवातीला, उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. फ्लॅटचा नंबर, क्षेत्रफळ, सोसायटीचं नाव अर्जातच येऊ द्या.

हुकूमनाम्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढा. बँक, सोसायटी, पासपोर्ट ऑफिस, सगळीकडे प्रत लागते. त्याच आठवड्यात पीएफ, एफडी आणि विम्याचे नॉमिनी बदला. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली बायकोच्या नावे काढलेली पॉलिसी असेल, तर तिच्यातलं नाव बदलता येत नाही, तेव्हा त्या पॉलिसीचा आकडा आधीच वाटणीत धरा.