ॲक्शन फिगर उघडून नव्याने कशी रंगवावी

ॲक्शन फिगर नव्याने रंगवायची म्हटलं की हात आधी ब्रशकडे जातो. पण रंग टिकणार की नाही, हे ब्रश उचलण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरतं सांध्यांमध्ये. कोपर, गुडघा, मान, खांदा, जिथे प्लास्टिक प्लास्टिकवर घासतं तिथला नवा रंग दोन-चार हालचालींत सोलून निघतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्या तो फिगर उघडायला आणि सांधे घासायला. सराव मात्र एखाद्या तुटक्या फिगरवर करा, लाडकीवर नको.

उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. दोन्ही दंड वेगळे झाले की डावा कुठला, उजवा कुठला हे खरंच कळत नाही. सुटलेल्या प्रत्येक भागाला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर ‘डा’ किंवा ‘उ’ लिहा.

आता पाठीवर, पायांवर स्क्रू आहेत का ते बघा. 1982 ते 1994 या काळात आलेल्या पावणेचार इंची जी. आय. जो (अमेरिकन सैनिक-खेळण्यांची मालिका) फिगर्समध्ये पाठीत एकच स्क्रू असतो. तो काढला की छाती दोन भागांत उघडते आणि आत कंबर-पाय धरून ठेवणारं गोल रबर दिसतं. इतकी सोय सगळीकडे नसते. बऱ्याच फिगर्सचे हात-डोकं नुसते खुंटीवर दाबून बसवलेले असतात. ही खुंटी मश्रूमसारखी असते, टोक जाड आणि मान बारीक, त्यामुळे गार असताना ती खाचेतून निघत नाही.

इथे उष्णता लागते. पाणी उकळी फुटायच्या आधी उतरवा आणि सांधा त्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून ठेवा, किंवा हेअर ड्रायरने गरम करा. मऊ पीव्हीसी प्लास्टिक लवकर सैल पडतं. कडक एबीएस प्लास्टिकवर तेवढा परिणाम होत नाही. मग फडक्यात धरून भाग किंचित डुलवत सरळ बाहेर ओढा. पिळू नका. खाचेचं तोंड सैल झालं की बोटांना कळतं, आणि खुंटी ‘टप्’ करून सुटते. सुटली नाही तर जोर वाढवू नका, पुन्हा गरम करा. माझ्या पहिल्या फिगरचा हात मी गारच ओढला होता. खुंटी मोडून अर्धी आत राहिली. तसं झालंच तर दोन्ही तुकड्यांत बारीक ड्रिलने समोरासमोर भोक पाडा, कागदाच्या क्लिपच्या तारेचा तुकडा आत घाला आणि सुपर ग्लूने जोडा. माझा तो हात अजून टिकून आहे.

कोपर-गुडघ्यात आडवी पिन असेल तर तिचं गोल टोक शोधा आणि पिनेपेक्षा बारीक सळईने ती दुसऱ्या बाजूने हलकेच ठोकून काढा. टोक दिसत नसेल तर तो सांधा बंदच राहू द्या. चिकटवलेली छातीही गरज असेल तरच उघडा, तीसुद्धा गरम करून, कटरचं पातं हातापासून दूर चालवत.

नंतर घासकाम. रंगाचा थर कितीही पातळ असला तरी त्याला जाडी असते, आणि तेवढी जागा सांध्यात करावी लागते. खुंटीवर आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूंना पेन्सिल फासा, सांधा जोडा, दहा वेळा वाकवा आणि पुन्हा उघडा. पेन्सिल जिथे पुसली गेली, नेमका तिथूनच रंग जाणार असतो. तेवढीच जागा 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासा. ओलं घासलं की भुकटी उडत नाही. कोरडं घासायचं असेल तर मास्क हवाच. सांधा गरजेपेक्षा सैल झाला, तर खुंटीवर पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ हात देऊन दिवसभर वाळवा.

केस, पट्टा, चिलखत असं काही वाढवायचं असेल तर एपॉक्सी पुटी (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारा लगदा) वापरा. हातमोजे घालून दोन्ही भाग एकच रंग दिसेपर्यंत मळा आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करा. सांध्याजवळ काम असेल तर खाचेला आधी थोडी पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर पुटी सांधाच बंद करून टाकते. पूर्ण कडक व्हायला साधारण एक दिवस द्या.

रंगाआधी सगळे भाग कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ आणि मघाची जेली दोन्ही निघायला हवीत. ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. एबीएस त्यात विरघळतं. स्प्रे प्रायमरची, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायच्या थराची, चाचणी आधी तळपायावर घ्या. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे वाळतच नाहीत, महिनोन्‌महिने चिकट राहतात. तिथे ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर बरा.

ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या. डोळे शेवटी, तुमचा हात सरावल्यावर. आधी पांढरा भाग, मग वरच्या पापणीची गडद रेघ, आणि बुबुळ त्या रेघेला टेकवा. सगळीकडून सुटं बुबुळ काढलं की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. वरून मॅट वॉर्निश द्या.

रंग अर्ध्या तासात हाताला कोरडा लागला तरी जोडायची घाई नको, निदान दोन दिवस थांबा. जोडताना शक्यतो खाचेचीच बाजू गरम करा, आणि ताज्या रंगावर ड्रायर रोखून धरू नका. खुंटी आत बसली की सांधा गार होऊ द्या आणि मगच पहिल्यांदा हळू वाकवा. कुठे प्लास्टिक उघडं पडलं, तर तो भाग परत काढून तेवढीच जागा घासा आणि रंगवा.