हापूसच्या बागेतील नोंदी: या चुका टाळा

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातील बहुतेक बागायतदारांच्या मोबाइलमध्ये आज हवामानाचे एखादे ॲप असते, कपाटात माती परीक्षणाचा अहवाल असतो आणि फवारणीच्या तारखांची वहीही असते. तरीही मोहोरासाठी द्यायचे कल्टार किती घालावे, पुढची फवारणी करावी की टाळावी, काढणी कोणत्या भागातून सुरू करावी, हे निर्णय बऱ्याचदा शेजाऱ्याच्या बागेकडे पाहूनच होतात. याला आळस कारणीभूत नाही. नोंद बागेची ठेवली जाते आणि निर्णय मात्र एकेका कलमाचा करावा लागतो, अडचण तिथे आहे.

बागेची सरासरी

हापूस वर्षाआड फळणारा आहे. त्यामुळे बागेतून दरवर्षी साधारण सारख्याच पेट्या निघत असल्या, तरी त्या मागील वर्षीच्याच कलमांवरच्या असतील असे नाही. एका वर्षी वरच्या आळीतील निम्मी कलमे भरतात, तर दुसऱ्या वर्षी खालची. केवळ एकूण पेट्या लिहिणाऱ्याला ही अदलाबदल दिसत नाही आणि पाच-सहा वर्षे काहीच न देणारे कलमही इतरांबरोबर खत खात राहते. शिवाय पेटी हे माप फसवे आहे, कारण फळ लहान असले की त्याच पेटीत अधिक डझन बसतात. नोंद डझनांत करावी आणि फळाचा आकार शेजारी लिहावा.

यासाठी खर्च फारसा नाही. खोडाला खिळा न ठोकता रंगाने क्रमांक घालावा, बागेचा हाताने काढलेला नकाशा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा आणि प्रत्येक कलमाला वर्षाची एक ओळ द्यावी: मोहोर कधी आला, किती डझन निघाले, काय घातले. १० बाय १० मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ४० कलमे असतात, म्हणजे एकराला वर्षाच्या ४० ओळी झाल्या. एका वर्षाच्या नोंदीवरून कोणत्याही कलमाविषयी मत बनवू नये; वर्षाआडचे चक्र ओळखायला किमान ३ हंगाम तरी हवेत.

नजरेने मोजलेला विस्तार

पॅक्लोब्युट्राझोलची, म्हणजे आपल्या बोलीतल्या कल्टारची, मात्रा कलमाच्या वयावर नव्हे तर विस्तारावर, म्हणजे फांद्यांच्या घेरावर ठरते. सुमारे २३ टक्के तीव्रतेच्या द्रावणाची प्रचलित शिफारस विस्ताराच्या व्यासाच्या प्रतिमीटर ३ मिलि अशी आहे आणि ते साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात दिले जाते. ८ मीटर विस्ताराच्या कलमाला २४ मिलि लागते. नजरेने तो विस्तार १० मीटर धरला, तर ३० मिलि जाते, म्हणजे २५ टक्के अधिक. असे वर्षानुवर्षे होत राहिले की पालवी आखूड येते, मोहोर गुच्छासारखा आखडतो आणि दोष हवामानाला दिला जातो. टेपने पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी वहीत लिहावी. अशक्त कलमापुढे मात्र शून्य लिहिण्यास कचरू नये.

खतांच्या नोंदीतही असाच घोळ होतो. शिफारस नत्राची असते आणि वहीत युरियाचे वजन लिहिले जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे १ किलो नत्रासाठी सुमारे २.१७ किलो युरिया लागतो. हा हिशोब न करता किलोला किलो घातले, तर कलमाला निम्म्याहूनही कमी नत्र मिळते.

मातीचा नमुना भलत्याच जागेचा

कातळावरच्या बागांत सुरुंग लावून खड्डे काढलेले असतात आणि ते बाहेरून आणलेल्या मातीने भरलेले असतात. दोन कलमांमधल्या मोकळ्या जागेतून घेतलेला नमुना मुळांच्या मातीविषयी फारसे काही सांगत नाही. नमुना विस्ताराच्या कडेखालून, खत घालण्यापूर्वी आणि बागेच्या प्रत्येक वेगळ्या भागातून स्वतंत्र घ्यावा. सगळी माती एका पिशवीत कालवली, तर अहवाल पुन्हा सरासरीचाच येतो.

हवामान: अंदाज आणि प्रत्यक्ष

ॲपवर दिसलेले तापमान किंवा पाऊस वहीत जसाच्या तसा उतरवणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. तो अंदाज असतो, घडलेले नसते. ‘अंदाज’ आणि ‘घडले’ असे दोन रकाने ठेवावेत. महसूल मंडळातील हवामान केंद्राचा आकडा फळपीक विम्यासाठी महत्त्वाचा असला, तरी केंद्र सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, आणि बाग खाडीकाठी असेल, तर फवारणीसाठी तो कितपत धरायचा हे स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहावे. मी स्वतः पहिला तापमापक पडवीच्या पत्र्याखाली टांगला होता आणि पूर्ण हंगामभर बागेचे नव्हे, तर पत्र्याचे तापमान लिहीत बसलो होतो. तो मोकळ्या हवेत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर हवा.

पर्जन्यमापक दिवाळीनंतर माळ्यावर ठेवून देण्याची आपली सवय त्याहून महाग पडते. चार महिन्यांच्या धो धो पावसाचा आकडा आंब्याच्या निर्णयांना फारसा उपयोगी नाही. जानेवारी ते मार्चमधील ५ मिलिमीटरची सर मात्र करपा या बुरशीजन्य रोगाचा सगळा हिशोब बदलते.

उपग्रहाच्या हिरव्या-पिवळ्या नकाशांविषयी थोडक्यात: विनामूल्य मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रातील एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका कलमाएवढा असतो, पावसाळ्यात ढगांमुळे जमीन दिसत नाही आणि त्यानंतर कलमाखालचे रानही हिरवेच दिसते; एकेका कलमाचा निर्णय त्यावरून होत नाही.

फवारणीच्या वहीत काय राहून जाते

तारीख असते, अवस्था नसते. एकाच दिवशी एका कलमाला बोंगे (मोहोराचे डोळे) फुटत असतात, दुसऱ्यावर कणी (नुकतेच धरलेले बारीक फळ) असते आणि तिसऱ्यावर वाटाण्याएवढे फळ. मोहोर दोन-तीन टप्प्यांत आला की हे अटळ आहे. म्हणून तारखेपुढे अवस्था लिहावी. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांची पाहणी गाडीरस्त्यालगतच्या कलमांवरच न करता आतल्या, दाट सावलीच्या कलमांवरही करावी, कारण तुडतुडे तिथेच अधिक असतात. औषधाचे व्यापारी नाव लिहून थांबू नये, लेबलवरील घटकाचे नावही लिहावे; दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक असतो आणि तोच लागोपाठ मारला गेला की किडीत प्रतिकारशक्ती तयार होते. शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत ठेवायचे दिवसही लेबलवर असतात, तेही त्याच ओळीत उतरवावेत.

या सगळ्यातून कलमनिहाय यादी काढायला जूनचा दुसरा पंधरवडा बरा. तोवर काढणी संपलेली असते, आणि कल्टारची मात्रा ठरवायला अजून तीन-चार आठवडे हातात असतात.