नावावर केस आहे आणि नोकरी शोधताय? मग या चुका टाळा

मी फौजदारी कोर्टात वकिली करतो. नोकरी हातातून गेलेली माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात, तेव्हा पुष्कळदा असं दिसतं की नोकरी केसमुळे गेलेलीच नाही, केस लपवल्यामुळे गेली आहे. म्हणून हे लिहितोय.

"सुटलो ना, मग काय लिहायचं?"

सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. गावच्या यात्रेत मारामारी झाली, सरसकट सगळ्यांची नावं एफआयआरमध्ये गेली आणि दोन वर्षांनी कोर्टाने निर्दोष सोडलं. पुढे भरतीत निवड होते, पडताळणीचा फॉर्म येतो आणि पोरगा सगळीकडे 'नाही' लिहून मोकळा होतो. महिनाभरात नोटीस हातात पडते.

केंद्र सरकारच्या नोकरीचा साक्षांकन नमुना, म्हणजे हाच पडताळणीचा फॉर्म (attestation form), एकदा नीट वाचा. कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र (नीट वागण्याची लेखी हमी) लिहून घेतलं का, दंड झाला का, दोषी ठरलात का, हे सगळं त्यात वेगवेगळं विचारलेलं असतं. 'निर्दोष सुटलो' हे फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर झालं. अटक झाली होती, तर तिथे 'होय'च लिहावं लागतं. सणासुदीला पोलिसांनी चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, करून बंधपत्र घेतलं असेल, तर तेही बंधपत्राच्या प्रश्नात येतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल, असा इशारा याच नमुन्यात सुरुवातीला छापलेला असतो.

अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर सविस्तर निकाल दिला. तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर नियोक्ता ती चूक माफ करू शकतो. फॉर्ममध्ये जे नेमकं विचारलंच नव्हतं, ते लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी अशी सक्ती नाही, पूर्वेतिहास तपासायचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. ही बाजूही ठाऊक असू द्या. तरीही खरं लिहिलेल्या माणसासाठी कोर्टात भांडताना माझ्या हातात काहीतरी असतं. लपवलेल्याची बाजू आधीच लंगडी झालेली असते.

खासगी कंपन्यांच्या फॉर्ममध्ये पुष्कळदा 'गुन्ह्यात दोषी ठरला आहात का?' एवढंच विचारलेलं असतं. निर्दोष सुटला असाल तर त्याचं खरं उत्तर 'नाही' असंच आहे. तिथे भीतीपोटी सगळी कहाणी लिहीत बसू नका.

दंड भरून मोकळं होण्याची घाई

तारखांना कंटाळलेल्या माणसाला कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सांगतं, "कबूल कर, हजार-पाचशे भर आणि सुट." तो कबुली देतो, दंडाची पावती खिशात घालून घरी जातो आणि केस मिटली असं समजतो. मिटलेली नसते. गुन्हा कबूल करून दंड भरला, म्हणजे तुम्ही दोषी ठरलात. ही नोंद पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये आडवी येते. मला या चुकीचं फार वाईट वाटतं, कारण त्या दिवशी दहा मिनिटं कुणी समजावून सांगितलं असतं तर ती टळली असती.

कबुली देण्याआधी वकिलाला विचारा, गुन्हा तडजोडीचा आहे का? साध्या दुखापतीच्या केसमध्ये फिर्यादीशी तडजोड होऊ शकते आणि कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. दोषी ठरलातच, तर परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, 1958 खाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सोडण्याची विनंती करता येते का ते पाहा. त्या कायद्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही. दोषी ठरल्याची नोंद मात्र पुसली जात नाही, त्यामुळे विचारल्यावर ती सांगावीच लागते.

कागद जवळ नसणं

"साहेब, पोलीस म्हणाले फाइल बंद झाली." या वाक्याला पडताळणीत काही किंमत नाही. बी समरी किंवा सी समरी, म्हणजे केस बंद करण्यासाठी पोलिसांनी कोर्टात दिलेला अहवाल, झाली असेल, तर ती मंजूर करणारा दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा. खटला चालला असेल तर निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल हवी. कोर्टातलं जुनं रेकॉर्ड ठरावीक काळानंतर नष्ट करतात, म्हणून नोकरीची वाट न बघता नक्कलेचा अर्ज आजच टाका.

नामसाधर्म्याचा घोळही होतो. पडताळणी करणाऱ्या एजन्सी कोर्टाच्या नोंदी नावावरून शोधतात, आणि आपल्याकडे एकेका तालुक्यात एकाच नावाची कितीतरी माणसं सापडतात. दुसऱ्याची केस तुमच्या माथी आली तर एचआरकडून केस नंबर मागून घ्या, ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर ती केस उघडा आणि वडिलांचं नाव, वय, पत्ता कुठे जुळत नाही ते कागदांसकट ईमेलने कळवा. फोनवर वाद घालून काही होत नाही.

एजंटकडून 'क्लीन' दाखला आणू नका. बनावट दाखला हा स्वतःच नवा गुन्हा आहे.

अठरा वर्षांच्या आतली केस असेल तर बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 24 वकिलाला दाखवा. त्या वयातल्या दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला, त्याला मात्र हे संरक्षण नाही.

मुलाखतीत विषय निघालाच तर रडगाणं नको आणि फिर्यादीला शिव्याही नकोत. एवढंच बोला: "2019 साली गावातल्या भांडणात माझं नाव आलं होतं. 2021 मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं. निकालाची प्रत सोबत आणली आहे." आणि प्रत पुढे करा.

फॉर्म दिल्यानंतर नवी केस झाली किंवा अटक झाली, तर तेही त्याच कार्यालयाला ताबडतोब लेखी कळवायचं असतं. पत्राची पोच घेऊन ठेवा.