फवारणी पंपांच्या परीक्षणाचं पहिलं पान कसं बांधावं

कास्तकार पंपाची माहिती शोधतो ती बहुतेकदा हंगाम तोंडावर आल्यावर, वावरातून, नेटवर्क अडखळत असताना. पान त्याच्या मोबाइलसाठीच बांधा.

वर सरकवण्याआधी जेवढं दिसतं तेवढ्या जागेत तीन गोष्टी बसवा: कशाचं परीक्षण, चाचणी कधी झाली आणि पंपाचे पैसे कोणी दिले. उदाहरणार्थ, ‘१६ लिटरचे बॅटरी पंप, ऑगस्टमध्ये पऱ्हाटीत वापरून पाहिलेले. सगळे दुकानातून विकत घेतले.’ कंपनीनं पंप फुकट दिला असेल तर तेही इथंच लिहा. ९ जून २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्यानं असे हितसंबंध उघड करणं बंधनकारक आहे. खरेदीच्या लिंकवर कमिशन मिळत असेल तर ती ओळ बटणाच्या लगेच वर हवी. तळाशी बारीक अक्षरात सापडली की वाचकाला बाकीचं पानही खोटं वाटतं.

त्याखाली पुरावा. बॅटरी पूर्ण चार्ज करून साध्या पाण्याच्या किती टाक्या निघाल्या, नोझलमधून मिनिटाला किती मिलिलिटर पाणी पडलं, भरलेल्या पंपाचं वजन किती, हे खोक्यावरच्या आकड्यांशेजारी मांडा. गळतीला सगळ्यात वरची जागा द्या. टाकीत नीळ घातलेलं पाणी काठोकाठ भरा, पाठीवर पांढरं फडकं बांधा, पंप चढवून पूर्ण वाका. झाकणाचा वायसर नीट बसत नसेल तर फडकं सांगेल. त्याचाच फोटो टाका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा पाठीवर पाझरणारं औषध ‘किरकोळ उणीव’ म्हणून शेवटी ढकलू नका.

गव्हाच्या शेतात हसणारा विकतच्या फोटोतला शेतकरी तर मुळीच नको. कापसाच्या पट्ट्यात तो लगेच ओळखू येतो.

वाचकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते चाळून घ्या. तारीख दाखवा, बिलाचा फोटो मागून खात्री करा (तो छापू नका), आणि शिवीगाळ नसलेली तक्रार काढू नका. नुसते पाच तारे पाहून इथं कोणी भुलत नाही.

अक्षर किमान १६ पिक्सेल, ओळींची उंची १.६ पट, कमी ठेवली तर वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला चिकटतात. अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ ठेवा, उन्हात फिकट राखाडी दिसतच नाही. फोटो वेबपी स्वरूपात, प्रत्येकी १०० केबीच्या आत. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि ‘फक्त २ तास शिल्लक’वालं घड्याळ काढून टाका.

प्रसिद्ध करण्याआधी पान अनोळखी माणसाच्या हातात पाच सेकंद द्या, फोन परत घ्या आणि विचारा, ‘पंपाचे पैसे कोणी दिले?’ उत्तर आलं नाही तर ती ओळ आणखी वर, ठळक अक्षरात न्या.