कॉम्प्युटर ‘चीटिंग’ करतोय? आधी या चुका टाळा

एनबीए टूके हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळताना कधी ना कधी आपण वैतागून म्हणतोच, ‘हा कॉम्प्युटर मुद्दाम हरवतोय!’ 1993 च्या एनबीए जॅम या गेममध्ये तसं खरंच होतं. डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सचे शेवटच्या क्षणीचे शॉट चुकावेत, अशी सोय त्यात गेम बनवणाऱ्या मार्क टरमेल यांनी करून ठेवली होती. ते स्वतः पिस्टन्सचे चाहते, आणि हे त्यांनी नंतर उघड सांगितलं. टूकेत मात्र बहुतेक वेळा घोळ आपल्याच खेळण्यात किंवा सेटिंगमध्ये असतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते स्टीलने, म्हणजे बॉल हिसकावला जाण्याने. डाव्या कोपऱ्यातून थेट उजव्या कोपऱ्यात पास टाकला की मध्ये कुणाचा तरी हात यायचाच. शेवटी रिप्ले थांबवून थांबवून पाहिला. बॉल इतका वेळ हवेत होता की मधल्या डिफेंडरला दोन पावलं आरामात टाकता येत होती! तेव्हापासून बॉल आधी टॉपला, म्हणजे बास्केटसमोर लांब मध्यभागी, उभ्या गार्डकडे देतो, मग उजवीकडे. तोही आयकॉन पासने, म्हणजे बॉल नक्की कुणाकडे जाणार ते आपण ठरवतो.

टर्बोचं, म्हणजे जोरात पळण्याचं, बटण सतत दाबून ठेवू नका. स्टॅमिना संपला की हातचा शॉटही जातो. डिफेन्सला स्टीलचं बटण बडवत राहिलात तर फाउल ठरलेले.

‘प्रो’ लेव्हलला आरामात जिंकतोय म्हणून थेट ‘हॉल ऑफ फेम’ला उडी मारू नका, मध्ये ‘ऑल-स्टार’ आणि ‘सुपरस्टार’ आहेत. वरच्या लेव्हलला शॉटचं टायमिंग जास्त अचूक लागतं, त्यामुळे टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, तेही बघा. नाहीतर बटण वेळेवर दाबूनही शॉट उशिरा धरला जातो.

समोरच्या टीमचा स्टेफ करी एकामागोमाग एक थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारतोय म्हणून लगेच स्लायडरला, म्हणजे खेळाची अवघडता कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला, हात घालू नका. आधी डिफेन्सच्या सेटिंगमध्ये जा. त्याला अडवणारा आपला खेळाडू स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या राहिलेल्या करीच्या साथीदाराच्या) मागच्या बाजूने, म्हणजे ‘अंडर’ जात असेल, तर आपणच त्याला मोकळा शॉट देतोय. तिथे ‘ओव्हर’ ठेवा. डबल टीम, म्हणजे एकावर दोन डिफेंडर, हीही जपून पाठवा, कोपऱ्यातला शूटर उघडा पडतो. एवढं करूनही थ्री थांबले नाहीत, तर कॉम्प्युटरचा थ्रीचा स्लायडर दोन-तीन अंकांनी खाली आणा. फक्त तेवढाच. एका रात्रीत दहा स्लायडर हलवले, तर नक्की कशाने फरक पडला हे कळायला मार्गच उरत नाही.

आणि निकाल एका सामन्यावरून लावू नका, त्यातून क्वार्टर पाच मिनिटांचे असतील तर अजिबातच नाही. 20 मिनिटांच्या सामन्यात ओळीने पडलेले चार थ्री भरून काढायला पझेशनच, म्हणजे बॉल हाती येण्याच्या संधीच, पुरत नाहीत. खऱ्या एनबीएसारखे 12 मिनिटांचे क्वार्टर लावून दोन-तीन सामने पुरे खेळा, आणि मगच स्लायडरचा मेन्यू उघडा.